जालना नगराची पालिका आणि नगराचे पाणी: स्थानिक उत्तरदायित्वाचा एक अभ्यास

१. विषयाची मांडणी

स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी केला जातो. एक अंग कायद्याचे. कोणता अधिनियम कोणत्या साली आला, त्याने कोणते अधिकार दिले आणि कोणते राखून ठेवले, याचा त्यात विचार होतो. दुसरे अंग निवडणुकीचे. कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या, कोणत्या गटाने कोणाशी संधान बांधले, याची त्यात मोजदाद होते. ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत, पण दोन्ही मिळूनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. नळाला पाणी आले नाही तर नागरिकाने जाब कोणाला विचारावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता तिसरी एक पद्धत अवलंबिता येते. नगरपालिकेचे एखादे अनिवार्य कर्तव्य निवडावे आणि निरनिराळ्या काळांत ते कोणी पार पाडले, त्यासाठी पैसा कोठून आला व त्याबद्दल जबाबदार कोणाला धरता येत होते, हे क्रमाने पाहावे. प्रस्तुत लेखात ही पद्धत जालना नगराला लावली आहे, आणि कर्तव्य म्हणून पाणीपुरवठा निवडला आहे. मराठवाड्याच्या विद्यापीठीय क्षेत्रातील हे एक मोठे व्यापारी नगर. जमीन काळी, पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. अशा ठिकाणी पाणी हा पालिकेच्या अनेक कामांपैकी एक विषय राहत नाही. पालिकेची पत ज्यावर ठरते तोच हा विषय होय.

२. नगराची जडणघडण

जालना कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला कादराबाद, म्हणजे नवा जालना, अशी या नगराची जुनी विभागणी आहे. कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. नगर अशा रीतीने गोदावरीच्या खोऱ्यात असले तरी गोदावरीचे पात्र येथून दूर, दक्षिणेला आहे. नगराच्या पाण्याचा पुढचा इतिहास समजण्यासाठी ही भौगोलिक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

जुन्या काळी या नगराची भरभराट मोठी होती. 'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात अद्यापि ऐकू येते. त्या भरभराटीच्या काळात जमशेदखान याने येथे काळी मशीद, सराई व हमामखाना बांधविला. त्यानेच मोती तलाव बांधून भूमिगत नळांनी त्याचे पाणी नगरातील हौदांपर्यंत आणले. जुन्या गॅझेटियरकारांनी या हौदांची नोंद केली आहे आणि त्यांच्या काळी ही व्यवस्था मोडकळीस आली होती, हेही नमूद केले आहे. नगराच्या पूर्वेकडील किल्ला १७२५ साली आसफजाह निजामुल्मुल्क याच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधला. त्यातील मस्तगड या भागात पुढे नगरपालिकेची कचेरी आली. सुभेदाराच्या गढीत नगराचा कारभार जावा, ही घटना केवळ जागेच्या सोयीने घडली असेल. पण स्थानिक शासनाचा वारसा येथे कोणाकडून आला, हे तिच्यावरून सहज लक्षात येते.

१८०३ साली इंग्रज-मराठे युद्धात इंग्रजी फौजेने जालन्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या असई गावी, प्रसिद्ध लढाई झाली. १८२७ साली येथे छावणी बसली. हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी १९०३ पर्यंत राहिली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला आणि कापूस, धान्य व तेलबिया यांची पेठ म्हणून जालना पुन्हा वर आले. १९०१ च्या शिरगणतीत नगराची वस्ती सुमारे २० हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती २,८५,५७७ भरली. एका शतकात वस्ती चौदा पटींनी वाढली, परंतु कुंडलिकेचे पाणलोट क्षेत्र होते तेवढेच राहिले.

३. निजामी अमदानीतील कारभार

ब्रिटिश मुलखात लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव आणि त्यानंतर झालेले मुंबई इलाख्याचे कायदे यांमुळे निवडणुकीचे तत्त्व नगरपालिकांत हळूहळू रुजत गेले. पुण्याच्या नगरपालिकेत १८९५ साली लोकमान्य टिळक निवडून आले, आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष झाले. मताधिकार मूठभरांचा होता आणि अधिकारही तोकडे होते, हे खरे. तरीही हिशेब तपासणे, कर बसविताना लोकांचा रोष पत्करणे, ठराव मांडून तो पदरात पाडून घेणे, या गोष्टींचे शिक्षण तेथल्या पुढाऱ्यांना दोन पिढ्या मिळाले.

हैदराबाद संस्थानात अशी शाळा नव्हती. सर सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. तीमुळे महसुली कारभाराला शिस्त आली, पण जिल्ह्याचा अव्वल तालुकदार व तालुक्याचा तहसीलदार यांच्या हाती सर्व सत्ता एकवटली. स्थानिक कामांसाठी जमीनमहसुलावर उपकर घेतला जाई आणि तो खर्च करणाऱ्या मंडळांचा कारभार हेच अधिकारी पाहत. शासनाची भाषा उर्दू आणि बहुसंख्य नागरिकांची मराठी, त्यामुळे जे काही कागदावर असे तेही सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर राही.

या परिस्थितीविरुद्धचा पहिला संघटित मराठी आवाज ज्या गावी उमटला, ते गावही आज जालना जिल्ह्यातच आहे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. नागरिक स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती ही त्या चळवळीची सूत्रे होती. 'जबाबदार' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शासन चांगले की वाईट, एवढाच तो वाद नव्हता. शासन कोणाला उत्तर देते, हा त्यातील मुख्य मुद्दा होता.

हा भेद घाणेवाडीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. जालन्याच्या वरच्या अंगाला कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय १९३० च्या दशकात, निजामी अमदानीत बांधला गेला. जलाशय उंचावर आणि नगर उतारावर असल्याने पाणी स्वतःच्या ओघाने नगरात येते. ते उपसावे लागत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही योजना अत्यंत शहाणपणाची होती, आणि तिने नव्या जालन्याला दीर्घ काळ पाणी पाजले. परंतु ती मागण्याचा, तपासण्याचा वा बदलण्याचा अधिकार नागरिकांना नव्हता. चांगले काम आणि उत्तरदायी काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीवाचूनही होऊ शकते, हे विद्यार्थ्याने येथे नोंदवून ठेवावे. तथापि ज्या शासनाला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने केलेले चांगले काम त्याच्या मर्जीवरच टिकून असते, हीदेखील त्याच गोष्टीची दुसरी बाजू होय.

४. प्रौढ मताधिकार आणि एकसूत्री कायदा

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्याच्या जनतेने प्रौढ मताधिकार प्रथमच बजावला. ज्या प्रदेशात मर्यादित मताधिकाराचीही फारशी सवय नव्हती, तेथे पूर्ण मताधिकार एकदम आला. हे भाग्य खरे. पण त्यामुळे स्थानिक संस्थांतील राजकारणाची वाटचाल वेगळ्या क्रमाने झाली. पुण्याकडे नगरपालिकेतून कायदेमंडळाकडे जाणारे पुढारी तयार झाले होते. मराठवाड्यात मुक्तिसंग्रामातून कायदेमंडळात गेलेल्या पुढाऱ्यांनी मागाहून नगरपालिकांकडे लक्ष दिले. वरून खाली येणारी ही दिशा नंतरही बहुतांशी कायम राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. नगरांसाठी १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम झाला. मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद या तिन्ही भागांतील नगरांना त्याने एकाच चौकटीत आणले. या अधिनियमात पाणीपुरवठा हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरले. त्याचबरोबर पालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे राहिला. कर्तव्य नगराचे आणि लगाम जिल्ह्याचा, असे हे सूत्र होते.

या काळात पालिकेचा आर्थिक कणा म्हणजे जकात. जालन्यासारख्या पेठेच्या गावी जकातीचे महत्त्व विशेष होते. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, पुढे बियाणे आणि लोखंड या सर्वांची ये-जा पालिकेच्या नाक्यांवरून होई. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि जालना बियाण्यांच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले. त्यापाठोपाठ लोखंडी सळ्यांचे कारखाने उभे राहिले. व्यापार वाढला की जकात वाढे आणि जकात वाढली की पालिकेच्या हाती स्वतःचा पैसा येई. या कराचे दोष पुष्कळ होते. नाक्यावरची अडवणूक, भ्रष्टाचार, मालाची खोळंबलेली वाहतूक, हे सर्व खरे होते. पण नगराचे उत्पन्न नगराच्या उलाढालीशी बांधलेले होते, हा त्याचा एक गुण मान्य करावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र याच काळात सूत्रे नगराबाहेर जाऊ लागली. १९७६ च्या अधिनियमाने राज्यासाठी पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ निर्माण झाले. तेच पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाऊ लागले. मोठ्या योजनांचे आराखडे, तांत्रिक मान्यता आणि बांधकाम या संस्थेकडे गेले. लहान नगराला मोठे अभियंते परवडत नाहीत, म्हणून हे आवश्यकच होते. तरीही त्याचा एक परिणाम असा झाला की, योजना आखणारा एक, पैसा देणारा दुसरा, आणि ती चालविण्याची व बिल भरण्याची जबाबदारी तिसऱ्याची, अशी वाटणी रूढ झाली.

५. जिल्ह्याचे ठाणे आणि दूरचे पाणी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके त्यात आले. पुढे तालुक्यांची संख्या आठ झाली. जिल्ह्याचे ठाणे झाल्याने कचेऱ्या आल्या, वसाहती वाढल्या आणि पाण्याची मागणीही वाढली. घाणेवाडीचा जलाशय गाळाने भरत चालला होता आणि एकट्याने नगराला पुरणे त्याला शक्य नव्हते. म्हणून नगराने गोदावरीकडे पाहिले. प्रथम अंबड तालुक्यातील शहागड येथून आणि नंतर पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी आणण्याची योजना झाली.

जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा नाथसागर मराठवाड्याचा मोठा आधार आहे. परंतु घाणेवाडीचे पाणी आणि पैठणचे पाणी यांत प्रशासनाच्या दृष्टीने तीन भेद पडतात.

पहिला भेद उंचीचा. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे आणि जालना त्याहून उंचावर आहे. म्हणून हे पाणी विजेच्या पंपांनी चढवावे लागते. पंप चालले तर पाणी, आणि बिल भरले तर पंप, असा हा संबंध आहे. घाणेवाडीच्या पाण्याला विजेचे बिल नव्हते; पैठणच्या पाण्याचा प्रत्येक थेंब बिलाच्या हिशेबात येतो. त्यामुळे पाणीपट्टीची वसुली ही केवळ जमाखर्चाची बाब न राहता पाणी येण्याची अटच होऊन बसते.

दुसरा भेद वाटेचा. लांबचा नळ अनेक गावांच्या शिवारांतून येतो. वाटेत अंबडसारख्या नगराची गरज असते, फुटतूट असते, दुरुस्ती असते. त्यातील कोणत्याही ठिकाणचा बिघाड जालन्याच्या नळावर दिसतो, पण तो ज्या जागी होतो ती जागा बहुधा जालन्याच्या हद्दीबाहेर असते.

तिसरा भेद मालकीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. नाथसागरात पाणी किती येईल, हे वरच्या नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांवर अवलंबून असते. २००५ च्या अधिनियमाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. खोऱ्यातील धरणांत समन्यायी वाटप करण्याचे तत्त्व त्या अधिनियमात आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश देऊन, पावसाळ्याच्या अखेरीस जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र ठरविले. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१६ साली न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. याचा अर्थ असा की, जालन्यातील गल्लीतल्या नळाचा प्रश्न आता प्राधिकरणाच्या आदेशात आणि न्यायालयाच्या निर्णयात गुंतला आहे. त्या ठिकाणी जालन्याच्या नगरसेवकाला स्थान नाही.

हे सर्व २०१२-१३ च्या दुष्काळात उघड झाले. त्या वर्षी मराठवाड्यात, आणि त्यातही जालना जिल्ह्यात, पाण्याची टंचाई अतिशय तीव्र होती. नळांना अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येई आणि नगराचे बरेचसे जीवन टँकरवर चाले. टँकरचे पाणी ही एक स्वतंत्र अर्थव्यवस्था असते. तिला ना ठरावाची गरज, ना लेखापरीक्षणाची. ज्याच्याजवळ पैसा त्याला पाणी, हा तिचा नियम. पालिका जेथे मागे सरते तेथे ही व्यवस्था पुढे येते, आणि तिचा सर्वांत मोठा भार गरीब वस्तीवर पडतो. कारण साठवणीची टाकी त्या वस्तीत नसते.

याच सुमारास एक वेगळी घटनाही घडली. नगरातील व्यापारी, उद्योजक व इतर नागरिक यांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या द्वारे त्या जुन्या जलाशयातील गाळ काढण्यास प्रारंभ केला. काढलेला गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन टाकला. त्यामुळे जलाशयाची साठवण आणि शेताची सुपीकता अशी दोन्ही कामे एका खर्चात झाली. जालना तालुक्यातीलच कडवंची गावाने पाणलोट विकास व शेततळी यांच्या आधारे द्राक्षबागा उभ्या केल्या आणि त्याच दुष्काळात तग धरला, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. या दोन्ही उदाहरणांत पाण्याचा स्रोत आपल्या शिवारात होता आणि निर्णय घेणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. तथापि अशा उपक्रमांचे कौतुक करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मंच हा पालिकेचा पर्याय नव्हे. वर्गणी ही स्वेच्छेची असते आणि कर हा हक्काचा. वर्गणी देणारा जाब विचारू शकतो, पण वर्गणी न देऊ शकणाऱ्यालाही पाण्याचा हक्क असतो. तो हक्क फक्त सार्वजनिक संस्थाच पुरा करू शकते.

६. पैशाचा ओघ

संस्थेचे स्वातंत्र्य ती पैसा कोठून मिळविते यावर बरेच अवलंबून असते. १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्याऐवजी राज्य शासनाकडून सहायक अनुदान मिळू लागले. नगराच्या उलाढालीशी असलेला उत्पन्नाचा प्रत्यक्ष संबंध तेव्हापासून तुटला. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी हे दोनच मोठे कर पालिकेच्या हाती उरले, आणि दोन्ही असे की ते वाढविताना व वसूल करताना नगरसेवकाला आपल्याच मतदाराच्या दारी जावे लागते. अशा स्थितीत वसुलीत ढिलाई होते, वसुली ढिली म्हणून बिले थकतात, बिले थकली की पुरवठा खंडित होतो, आणि पुरवठा खंडित झाला की नागरिक पट्टी भरण्यास नाखूष होतो. हे चक्र कोणा एका नगराचे नाही. लांबचे पाणी उपसून आणणाऱ्या अनेक नगरांत ते दिसून येते. ते कोठे तरी तोडावयाचे तर प्रथम पुरवठा नियमित करावा की प्रथम वसुली, हा प्रशासनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

महापालिकांना जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर मिळत होता. परंतु २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा हे दोन्ही कर संपले. जालना महापालिका त्यानंतर जन्मास आली. म्हणजे मोठ्या नगरांच्या महापालिका ज्या उत्पन्नावर वाढल्या, ते उत्पन्न या महापालिकेला जन्मतःच उपलब्ध नव्हते.

७. पालिकेची महापालिका

नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी करावी की नगरसेवकांनी, याबद्दल महाराष्ट्राचे धोरण वारंवार बदलले आहे. १९७४ साली थेट निवड झाली, पुढे ती पद्धत सोडण्यात आली. २००१ च्या सुमारास ती परत आली, काही वर्षांत पुन्हा गेली. २०१६ साली पुन्हा आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली परत लागू झाली. यातील प्रत्येक बदल विधिमंडळात झाला. नगरांच्या अनुभवाची पद्धतशीर तपासणी होऊन एकही बदल झाला, असे म्हणणे कठीण आहे.

२०१६ च्या निवडणुकीत जालन्याच्या मतदारांनी आपला नगराध्यक्ष थेट निवडला. त्या पालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवून ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किशनसिंग तोमर प्रकरणात हे बंधन कडकपणे सांगितले आहे. असे असूनही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेल्याने राज्यातील निवडणुका लांबत गेल्या. मार्च २०२१ च्या निर्णयात न्यायालयाने या आरक्षणासाठी तीन कसोट्या लावल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांच्या मुदतीही संपल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. मधल्या काळात बहुतेक ठिकाणी प्रशासकांचा अंमल होता.

याच मधल्या काळात, २०२३ साली, जालना नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. राज्यातील ही २९ वी महापालिका. नगराच्या शासनाचे स्वरूप बदलणारा हा निर्णय झाला तेव्हा नगरात लोकनियुक्त सभागृह नव्हते. आणि २०२१ ची जनगणना न झाल्याने लोकसंख्येचा अधिकृत आकडाही २०११ चाच होता. त्याच वर्षी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पोहोचले. जिल्ह्यातील राजकीय जीवन अत्यंत जागृत होते, पण ती जागृती वाहून नेणारी बरीचशी स्थानिक सभागृहे रिकामी होती. लोकांच्या मागण्यांना चर्चेचे जवळचे व्यासपीठ नसले म्हणजे त्या थेट राज्याच्या दारी जाऊन धडकतात, असे अनुमान यावरून काढण्यास जागा आहे.

रूपांतराने कारभारात काय बदल झाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. पालिकेत नगराध्यक्ष हा लोकनियुक्त प्रमुख आणि मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी. पण कारभारावर देखरेख ठेवण्याचा अधिकार नगराध्यक्षाला कायद्यानेच दिला आहे. महापालिकेला १९४९ चा अधिनियम लागू होतो, आणि त्यानुसार कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्ताकडे असते. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांतून निवडला जातो. तो सभेचा अध्यक्ष असतो, कारभाराचा प्रमुख नसतो. खर्चाच्या मंजुरीवर स्थायी समितीचा अंकुश असतो, हे खरे. परंतु जालन्याच्या मतदाराच्या दृष्टीने पाहता, २०१६ साली नगराचा प्रमुख स्वतः निवडण्याचा जो अधिकार त्याला होता, तो महापालिका झाल्यावर राहिला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अंबड, भोकरदन व परतूर येथील नागरिकांनी आपापले नगराध्यक्ष थेट निवडले. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये जालन्याच्या नागरिकांनी फक्त नगरसेवक निवडले. लहान नगराला जो हक्क आहे तो मोठ्या नगराला नाही, अशी ही विलक्षण स्थिती होय.

त्या पहिल्या महापालिका निवडणुकीत १६ प्रभागांतून ६५ जागा होत्या. म्हणजे बहुतेक प्रभागांत चार सदस्य. बहुसदस्य प्रभागामुळे स्त्रिया व मागासवर्ग यांच्या राखीव जागांची मांडणी सोपी होते, आणि एका वाडीपुरता विचार करण्याची प्रवृत्ती कमी होते, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण चौघे उत्तरदायी असले की प्रत्यक्षात कोणीच उत्तरदायी नसण्याचा संभव वाढतो, हेही उघड आहे. पाणी आले नाही तर चौघांपैकी कोणाकडे जावे, हा प्रश्न मतदारापुढे उरतोच.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, जालन्याच्या स्थानिक शासनातील प्रत्येक मोठा टप्पा नगराबाहेरून ठरला आहे. निजामी अमदानीत हे स्वाभाविक होते. लोकशाहीत ते तपासून पाहिले पाहिजे. दुसरी अशी की, पाण्याचा स्रोत जसजसा दूर गेला तसतसे उत्तरदायित्वही दूर गेले. मोती तलावापासून घाणेवाडीपर्यंत आणि घाणेवाडीपासून पैठणपर्यंतचा हा प्रवास पाण्याच्या परिमाणाच्या दृष्टीने प्रगतीचा आहे. पण त्या प्रत्येक टप्प्यावर नागरिक आणि निर्णय यांच्यामध्ये एकेक नवी संस्था उभी राहिली आहे. तिसरी गोष्ट अशी की, दर्जा वाढला म्हणजे स्वराज्य वाढतेच असे नाही. महापालिकेचे नाव मोठे आहे, परंतु तिच्याजवळ स्वतःचे असे उत्पन्न मर्यादित आणि तिच्या लोकनियुक्त प्रमुखाचा अधिकार नगराध्यक्षाहून कमी आहे.

याचा अर्थ दूरचे पाणी नको, असा नाही. तीन लाखांच्या घरातील नगर एकट्या कुंडलिकेवर जगू शकत नाही. तसेच मागील पालिकेत सर्व काही ठीक होते, असेही यातून निघत नाही. प्रश्न आहे तो अंतर भरून काढण्याचा. त्याला काही मार्ग कायद्यातच आहेत. ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या नगरांना प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या आहेत. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्र सभांची तरतूद केली, तिच्यायोगे मतदारांना आपल्या भागाच्या प्रश्नांवर एकत्र बसून विचार करता येतो. या तरतुदी बहुतेक नगरांत कागदावरच राहिल्या आहेत. जालन्यात त्या अमलात आल्या आणि प्रत्येक प्रभागाला किती पाणी गेले, विजेवर किती खर्च झाला, पट्टी किती वसूल झाली, एवढा हिशेब जरी दरमहा मराठीत फलकावर लागला, तरी नागरिक आणि निर्णय यांमधील अंतर काही अंशी कमी होईल. घाणेवाडीची निगा ही याच हिशेबाची एक बाजू आहे. विजेवाचून येणारे पाणी जपणे म्हणजे नगराच्या स्वतःच्या हाती असलेला एक अधिकार जपणे होय.

१९३७ साली परतूर येथे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी झाली तेव्हा ती संस्थानाच्या राजसत्तेपुढे होती. ती सत्ता गेली. त्या मागणीतील मूळ प्रश्न मात्र नगराच्या कारभाराला आजही लागू पडतो, आणि त्याचे उत्तर अधिनियमाच्या कलमांत जितके शोधावे लागेल तितकेच पाणीपट्टीच्या नोंदवहीतही शोधावे लागेल. मराठवाड्यातील इतर नगरांचा अशाच एकेका कर्तव्याच्या अंगाने अभ्यास झाला, तर येथे काढलेले निष्कर्ष कोठवर टिकतात आणि कोठे दुरुस्त करावे लागतात, हे ठरविता येईल.